ठिपका हलवायचा नाही

आमच्या घरात सहलीचा एकच कायदा आहे: ज्याची पाळी त्याचं ठिकाण, आणि कारण विचारायचं नाही.

कायदा सासऱ्यांनी, म्हणजे दादांनी केलेला. चाळीस वर्षं ते ट्रामवर कंडक्टर होते. त्यांचं म्हणणं, कारणं विचारायला लागलं की ज्याची जीभ जास्त चालते तोच दरवर्षी जिंकतो. ‘आणि आमच्या घरात जीभ कुणाची चालते हे सांगायला नको,’ असं म्हणताना ते सासूबाईंकडे बघत नाहीत, मुद्दाम भिंतीकडे बघतात.

कायदा आजवर नीट पाळला गेला. दादांच्या पाळीला आम्ही तीन दिवस एका गावात जुन्या ट्राम बघत उभे होतो. सासूबाई घरी कोट शिवतात. त्यांच्या पाळीला आम्ही एक लोकरीची गिरणी पाहिली, तीही बाहेरून, कारण आतले लोक सुट्टीवर गेले होते. नवऱ्याची बेकरी आहे, तो पहाटे तीनला उठतो. त्याच्या पाळीला आम्ही जिथे बघण्यासारखं काहीच नाही अशा गावी गेलो आणि तो चार दिवस झोपला. कुणीही कुणाला ‘इथे का?’ म्हणून विचारलं नाही. विचारायचंच नसतं.

यंदा पाळी माझी होती. लग्नानंतरची पहिली. आणि यंदाच नेमका मोठा योग आला. निवृत्तीची भेट म्हणून ट्राम कंपनीनं दादांना परदेशाची तिकिटं दिली. देश केवढा, तर पश्चिमेच्या टोकाला लोक जेवायला बसतात तेव्हा पूर्वेच्या टोकाला झोपून गेलेले असतात. तिकिटं राजधानीपर्यंतची. तिथून पुढे कुठे जायचं, ते मी ठरवायचं.

त्या देशाचा नकाशा जेवणाच्या टेबलावर अंथरलेला होता, वर काच. ठरलेल्या जागी पूर्वी, काच नव्हती तेव्हा, टाचणी लावायचो. मुंगी रांगायला लागल्यापासून टाचणीच्या जागी सासूबाईंच्या डब्यातलं कोटाचं मोठं बटण आलं. मुंगी म्हणजे माझी लेक, अकरा महिन्यांची. स्वतःपेक्षा मोठी वस्तू ओढत नेते म्हणून मुंगी. बटण तिच्या तोंडात मावत नाही, हे आम्ही तिच्याच सहकार्यानं तपासून घेतलं.

तर बटण माझ्या हातात होतं आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी ते एका नदीवर ठेवलं.

“इथे.”

दादांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. बटण उचलून त्याच्या खालचं नाव वाचायला लागले. नाव लांबलचक. निम्म्यावर येऊन त्यांनी श्वास घेतला.

“हे नाव आहे की आगगाडी?” नवरा म्हणाला.

“गाव आहे.”

“काय आहे तिथे?” सासूबाईंनी विचारलं.

झालं. कायदा मोडला. माझ्या पाळीला, पहिल्याच मिनिटात.

“नदी आहे,” मी म्हटलं.

“नदी आपल्याकडेही आहे. घरून डबा नेऊन बघता येते.”

“अगं, समुद्र आहे ना त्या देशाला, चांगला तीन बाजूंनी!” दादा म्हणाले. “मुंगीला वाळूत सोडली की दिवसभर बघायला नको.”

“दादा, कारण विचारायचं नसतं ना?”

“कारण कुठे विचारतोय? मुंगीचा विचार करतोय.”

हे नवीन होतं. नवरा चार दिवस घोरत होता तेव्हा कुणाचा विचार करत होता, हे माझ्या जिभेवर आलेलं मी गिळलं. मूल झालं की बाईची पाळी बाईची राहत नाही, तिच्या कडेवर जो असतो त्याची होते, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. माझी लेक मला माझ्या दोन डोळ्यांपेक्षा जास्त आहे. तिच्या मानेला जो वास येतो त्यासाठी मी रोज सकाळी पुन्हा जन्माला यायला तयार आहे. पण तिच्या नावावर मला समुद्रात ढकलायचं असेल, तर मी काठ सोडणार नव्हते.

“हेच गाव,” मी म्हटलं आणि बटण परत जागेवर ठेवलं.

आता खरं कारण सांगते. घरात तोवर ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी नकाशांच्या कचेरीत कामाला आहे, मुंगी झाल्यापासून रजेवर. नद्या, डोंगर काढणारे वेगळे. मी नावं बसवते. नावं पारदर्शक पट्टीवर छापून येतात, पट्टीच्या मागे मेण असतं. सुरीनं एकेक नाव कापायचं, टोकावर उचलायचं, जागेवर अलगद टेकवायचं आणि हाडाच्या घोटणीनं घोटायचं. ऐकायला सोपं आहे. पण नाव नदीवरून जाता कामा नये, रेल्वेवर पडता कामा नये, शेजारच्या गावाला आपलं वाटता कामा नये. आणि गाव नदीच्या ज्या काठावर, त्याच काठावर त्याचं नाव. जागा नसेल तर नाव हलवा, वाकवा, बारीक करा. तेही जमलं नाही तर गाव गाळा. मात्र ठिपका हलवायचा नाही. आमचे मुख्य, ज्यांना आम्ही थोरले म्हणतो, नव्या माणसाला पहिल्या दिवशी एवढंच शिकवतात: “नाव आपलं, ठिपका त्यांचा.”

मुंगीच्या वेळी मला आठवा संपत आला होता. टेबलापासून पोटभर लांब बसून मी त्या मोठ्या देशाचं पान करत होते. संध्याकाळी पान छपाईला जाणार होतं. एकच नाव राहिलं होतं, ती आगगाडी. गाव नदीच्या पश्चिम काठावर, आणि पश्चिमेला डोंगर, त्यात रेल्वे, त्यात नदीचं स्वतःचं ऐसपैस नाव. मुंगी शिरायला जागा नाही. पूर्वेला मात्र रिकामं, पांढरंशुभ्र मैदान.

थोरले मागून म्हणाले, “गाळा ते. चार हजार वस्ती. कोण विचारतंय?”

चार हजार माणसं. सुरीच्या टोकावर मी त्यांचं नाव धरलं होतं. ते केराच्या टोपलीत टाकायला माझा हात होईना. थोरले वळले आणि मी ठिपका खरवडला, नदीच्या पूर्वेला नवा दिला. दीड मिलिमीटर. नाव असं प्रशस्त बसलं की आरामखुर्चीत बसावं. पान गेलं, छापलं, शाळाशाळांतून वाटलं गेलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

माझ्या लक्षात होतं. पश्चिम काठावरच्या माणसाला सकाळी सूर्य नदीपलीकडून येताना दिसतो, पूर्वेकडच्याला तो नदीपलीकडे बुडताना दिसतो. मी चार हजार माणसांची सकाळ उचलून संध्याकाळच्या जागी ठेवली होती. मुंगीला पाजताना पहाटे खिडकीत उजाडायचं आणि मला रोज ते गाव आठवायचं. मला तिथे जायचं होतं. त्यांच्या काठावर उभं राहायचं होतं, बस.

पण हे सांगायचं कसं? ते पान असलेला नकाशासंग्रह घराच्या फळीवर ठेवलेला. कुणी दाराशी आलं, अगदी गॅसवाला आला तरी दादा तेच पान उघडतात. “ही नावं आमच्या सुनेनं बसवलीत. एकेक बघा! ट्राममध्ये इतकी माणसं इतक्या शिस्तीत मी चाळीस वर्षांत बसवू शकलो नाही.” अशा माणसासमोर कुठल्या तोंडानं बोलायचं? मी अळीमिळी गुपचिळी केली होती.

घोड्यानं पेंड खाल्ली ती तिकिटांच्या कचेरीत.

आम्ही सगळेच गेलो. तिकीटवाल्या बाईंच्या पाठीमागे त्या देशाचा भिंतभर नकाशा होता. आमच्याच कचेरीतला, माझंच पान मोठं करून छापलेलं. दादांनी बाईंना ते लगेच सांगितलं. बाई माझ्याकडे बघून हसल्या, मला घाम फुटला.

“हं, तर हे तुमचं गाव,” बाईंनी पट्टीनं माझा ठिपका दाखवला. “पूर्व काठ.” समोर उशीएवढं जाड वेळापत्रक होतं. त्यात आधी रेल्वेची लाइन शोधायची, मग त्या लाइनवरचं स्टेशन. त्यांनी बरीच पानं उलटली. “पूर्व काठाला लाइनच नाही हो. जी आहे ती पलीकडून, पश्चिमेनं. आणि पूल इथे खाली, दीड दिवसाच्या वाटेवर. लहान मूल घेऊन? मी तरी सुचवणार नाही.”

“म्हणजे जाताच येत नाही,” नवरा म्हणाला. आवाजात दुःख होतं, पण फार नव्हतं.

“नकाशाच सांगतोय!” दादा म्हणाले. “आणि नकाशा आपल्या घरचा. हिच्या हातचा. त्यात चूक काढणार कोण?”

सगळे हसले. मी एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. तोंडात मिठाची गुळणी धरून मी बसून राहिले. आपलेच दात, आपलेच ओठ. मुंगीनं बाईंची पट्टी पळवली, तिच्यामागे धावायचं निमित्त झालं आणि आम्ही बाहेर पडलो.

घरी आल्यावर सासूबाईंनी बटण अलगद समुद्रकिनाऱ्यावर सरकवलं.

“तुझीच पाळी हं,” त्या म्हणाल्या. “फक्त थोडं इकडे.”

थोडं इकडे! आमच्या कचेरीत असंच म्हणतात, नाव सरकवताना. आठवडाभर ते बटण समुद्रावर होतं. जेवताना माझी नजर तिथेच जाई. दादांनी मुंगीसाठी वाळूची बादली आणली. सासूबाईंनी तिला टोपी शिवली, रुंद काठाची, फार गोड. टोपी घातली की मुंगी छोट्या छत्रीसारखी घरभर फिरायची आणि मला हसू यायचं आणि हसता हसता रागही यायचा. राग कुणावर, ते मला नीट ठाऊक होतं. दीड मिलिमीटर चोरून मी गाव नकाशावर ठेवलं होतं, आणि त्याच दीड मिलिमीटरनं माझी पाळी गिळली होती. गप्प राहिले तर चूकही तशीच राहणार होती आणि पाळीही जाणार होती.

रविवारी दुपारी सगळे टेबलापाशी होते. नवरा कानातलं पीठ झाडत चहा पीत होता. समुद्राकडे कुठली गाडी जाते ते तिकीटवाल्या बाईंना विचारून दादा वहीत उतरवून घेणार होते, उद्याच. मी बटण उचललं आणि नदीवर ठेवलं. ठक्क वाजलं. काचेवर जरा जोरातच ठेवलं गेलं.

“पुन्हा?” सासूबाई म्हणाल्या.

“पुन्हा. त्या गावाला जाता येतं. रेल्वे गावातूनच जाते.”

“अगं, नकाशात—”

“नकाशा चुकीचा आहे, दादा. गाव पश्चिम काठावर आहे. मी पूर्वेला दाखवलंय.”

मुंगी टेबलाखाली बादली आपटत होती. दादा उठले, फळीवरून नकाशासंग्रह काढला, ते पान उघडलं. त्यांना शोधावं लागलं नाही, पुस्तक आपणहूनच तिथे उघडतं. त्यांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत इतकी माया होती की मला रडू आलं असतं.

“आठवा सरत आला होता तुला,” ते हळूच म्हणाले. “पोटात ही लाथा मारत असणार. हात हलला असेल गं. कुणाचाही हलेल.”

“हो ना,” सासूबाईंनी लगेच धागा उचलला. “त्या दिवसांत माझ्या हातून सुया पडायच्या.”

सोपं होतं. हो म्हणायचं आणि सुटायचं. पुन्हा मुंगीच्याच नावावर.

“हात हलला नाही,” मी म्हटलं. “मी हलवला. हात अगदी स्थिर होता. पोटाचा काही संबंध नाही, मुंगीचा तर मुळीच नाही. ती तेव्हा शांत झोपली होती बिचारी. थोरले म्हणाले गाव गाळा, मला गाळायचं नव्हतं. म्हणून मी ठिपका हलवला, कळून सवरून. चूक माझी आहे, अख्खी. ती मला कुणाबरोबर वाटून घ्यायची नाही. आणि यंदाची पाळीही माझी आहे, तीसुद्धा अख्खी.”

माझा आवाज चढला होता. मुंगी टेबलाखालून बाहेर आली आणि माझ्या पायाला धरून उभी राहिली. मी तिला उचललं. तिनं माझ्या नाकात बोट घातलं, त्यामुळे भाषणाचा रुबाब थोडा कमी झाला, पण मी मागे हटले नाही.

“मग आता?” नवऱ्यानं विचारलं. “कचेरीत कळलं तर?”

“कळेलच. मीच कळवलंय. काल थोरल्यांना पत्र टाकलं. नव्या आवृत्तीत ठिपका परत जागेवर न्या, नाव कुठे बसवायचं ते मी रुजू झाल्यावर बघते. माझी सही करून.”

“त्यांनी रुजूच करून घेतलं नाही तर?”

“तर तुझ्या बेकरीत पावांवर नावं बसवीन.”

तो हसला. दादा हसले नाहीत. पुस्तक मिटून त्यांनी मांडीवर ठेवलं होतं. “शेकडो लोकांना दाखवलं मी हे पान,” ते म्हणाले. “अभिमानानं.”

तेवढ्यात सासूबाई खाकरल्या.

“आता निघालाच आहे विषय तर... तुमचा पहिला कोट.”

“कुठला?”

“कंडक्टरचा. तिकिटं टोचायच्या चिमट्याचा खिसा.”

“डावीकडचा. त्याचं काय?”

“तो उजवीकडे हवा होता. कापड कमी पडलं. डावीकडे बसत होता, तिथे लावला.”

दादांचा चेहरा मी आयुष्यभर विसरणार नाही. “कंपनीचा नवा नमुना आहे, असं सांगितलंस तू मला!”

“सांगितलं.”

“अगं, मी चाळीस वर्षं डाव्या हातानं तिकिटं टोचली! डावखुरा म्हणायचे मला सगळे! पुढचे सगळे कोट मी हट्टानं तसेच शिवून घेतले!”

“म्हणून तर सांगता आलं नाही,” सासूबाई म्हणाल्या आणि मुंगीची टोपी नीट करायला लागल्या, जी नीटच होती.

नवरा टेबलावर डोकं ठेवून हसत होता. दादांनी उजवा हात समोर धरून बघितला, मग डावा. मग मोठा श्वास सोडला. “तू चाळीस वर्षं दाबून ठेवलंस,” ते सासूबाईंना म्हणाले, मग माझ्याकडे बोट केलं, “आणि हिनं? किती झाले?”

“एक वर्ष,” मी म्हटलं.

“वर्षात बोलली! ऐकलंस?” आणि बटणाकडे वळून म्हणाले, “पण सूनबाई, बटण एवढं मोठं आहे की खाली दोन्ही काठ झाकले जातात. गप्प बसली असतीस तरी कुणाला दिसलं नसतं.”

“म्हणूनच बोलले,” मी म्हटलं. बटण उचलून मुंगीच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा तिकिटांच्या कचेरीत गेलो. बाईंनी आम्हाला ओळखलं आणि समुद्राच्या लाइनचं पान काढायला घेतलं.

“ते गाव,” मी म्हटलं. “पश्चिम काठाची लाइन बघा.”

“पण नकाशात ते पूर्वेला—”

मी मुंगीला नवऱ्याकडे दिलं, बाईंच्या मागे गेले. बाजूला एक स्टूल होतं, ते ओढून त्यावर चढले. पर्समधून पेन्सिल काढली. माझा जुना ठिपका आडवा छेदला, आणि दीड मिलिमीटर नव्हे, त्या मोठ्या नकाशावर चांगलं बोटभर पश्चिमेला, डोंगर आणि रेल्वेच्या गर्दीत, नवा ठिपका दिला. गच्च, काळा.

“अहो, हे काय? छापील नकाशा आहे तो!”

“नावं माझी आहेत,” मी स्टुलावरूनच म्हटलं. “ठिपका त्यांचा आहे.”

बाईंनी दादांकडे पाहिलं, एवढ्या वयाचा माणूस काहीतरी बोलेल या आशेनं. दादांनी वेळापत्रकाकडे बोट दाखवलं. नाइलाजानं बाईंनी पश्चिमेची लाइन काढली, बोट वरून खाली आणलं आणि मध्येच थांबवलं.

“आहे,” त्या म्हणाल्या. “अगंबाई, खरंच आहे. गाडी सकाळी उजाडताना पोचते.”

उजाडताना. मी स्टुलावरून उतरले आणि मुंगीला परत घेतलं. तिला एका हातात बटण आणि दुसऱ्या हातात माझा कान असं दोन्ही हवं होतं.

बाई लिहायला लागल्या. चार मोठे, एक मूल. लिहिता लिहिता त्यांनी मान वर केली. “विचारू का? एवढ्या मोठ्या देशात तुम्ही हेच गाव का निवडलंत? आहे काय तिथे?”

मी तोंड उघडलं, पण दादा माझ्याआधी पुढे झाले. चाळीस वर्षं ज्या आवाजात त्यांनी लोकांना पुढे सरका म्हणून सांगितलं, त्याच आवाजात म्हणाले:

“बाई, आमच्याकडे कारण विचारत नाहीत.”